जंगलाच्या कडेला पहिली नेमणूक: नव्या पशुवैद्यासाठी वाटाड्या

पशुवैद्यकाची पदवी हातात पडली की अनेक मुलं-मुली विचारतात, ‘वन्यजीवांसाठी काम करायचंय, अर्ज कुठे करू?’ त्यांच्या डोळ्यांपुढे असते बेशुद्धीची बंदूक आणि समोर निजलेला वाघ. तशा जागा फार थोड्या आहेत. पण ताडोबा, पेंच, मेळघाट, नवेगाव-नागझिरा यांच्या भोवती, जुन्नर-आंबेगावच्या ऊसपट्ट्यात, राधानगरी-चांदोलीच्या घाटमाथ्यावर, तिलारीच्या खोऱ्यात सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. तिथे नेमणूक झाली म्हणून कोणी नाराज होत असेल, तर त्याला मी सांगेन की तू बरोबर जागी पोचला आहेस. जंगलातल्या जनावराचं आरोग्य बंदुकीपेक्षा गावातल्या दावणीवर जास्त ठरतं, आणि ती दावण तुमच्या हाती आहे.

हा लेख अशा पहिल्या नेमणुकीवर निघालेल्यांसाठी आहे. ज्या क्रमाने कामं अंगावर येतील, साधारण त्याच क्रमाने लिहितो.

१. रुजू झाल्यावर आधी हे करा

सगळ्यात आधी स्वतःला रेबीजची प्रतिबंधक लस टोचून घ्या. कुत्रं चावल्यावरची नव्हे, आधीची. पिसाळलेली गाय तोंडात हात घालू देते, आणि घशात काही अडकलंय असं समजून आपण हात घालतो. हे धोक्याचं आहे आणि सहज टाळता येतं.

मग नकाशा घ्या. आपल्या दवाखान्याची कोणती गावं जंगलाला लागून आहेत, कोणत्या गावची गुरं आत चरायला जातात, कोणत्या पाणवठ्यावर गावची जनावरं आणि जंगलातली जनावरं दोन्ही पाणी पितात, हे गुराख्यांना विचारून त्यावर खुणा करा. कागदावरच्या हद्दी गुरांना ठाऊक नसतात. गुराखी जे सांगेल ते कोणत्याही अहवालात मिळणार नाही.

वनपरिक्षेत्र अधिकारी, वनपाल आणि बीटचे वनरक्षक यांना काम नसताना जाऊन भेटा. पहिली भेट विहिरीत पडलेल्या बिबट्याच्या काठावर झाली तर दोघांचीही अडचण होते. त्यांच्याकडे पिंजरा, जाळी, दोर, गाडी काय आहे आणि कुठे ठेवलेलं असतं, ते पाहून ठेवा. वनविभागाची मदतवाहिनी 1926 आणि पशुसंवर्धनाची 1962, हे दोन्ही क्रमांक दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या.

कायद्याचं एवढं पक्कं लक्षात ठेवा: वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पकडणं आणि सापळा लावणंही येतं. म्हणून पशुवैद्य असलात तरी अनुसूची एकमधलं (सर्वाधिक संरक्षण असलेलं) जनावर स्वतःच्या निर्णयाने पकडता किंवा बेशुद्ध करता येत नाही. त्यासाठी कलम 11 खाली मुख्य वन्यजीव रक्षकांचा लेखी आदेश लागतो. कोणी जखमी मोर, घुबड किंवा हरणाचं पाडस दवाखान्यात आणून दिलं तर प्रथमोपचार करा, पण लगेच वनविभागाला कळवा. वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता आहे आणि तो ताब्यात आल्यावर 48 तासांत कळवणं बंधनकारक आहे. चार दिवस मायेने सांभाळलेलं पाडस माणसाळतं आणि मग त्याला परत जंगल उरत नाही.

२. दावणीपासून सुरुवात

बुळकांडी आठवण्याएवढं वय आज नोकरीला लागणाऱ्या कोणाचंच नाही. या रोगाने गुरं तर गेलीच, पण दक्षिणेतल्या जंगलांत गव्यांचे कळपही त्याने मोडले. भारत 2006 साली बुळकांडीमुक्त घोषित झाला आणि 2011 साली सगळं जग. लस टोचली होती ती गाई-म्हशींना, आणि त्यात गवाही वाचला. पशुवैद्यकाच्या इतिहासात वन्यजीव संवर्धनाचं याहून मोठं काम मला दिसत नाही, आणि ते केलं गावोगाव सायकलवर बर्फाचा डबा घेऊन फिरणाऱ्या लोकांनी.

आज तीच गोष्ट लाळ-खुरकुताची आहे. 2019 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात दर सहा महिन्यांनी लाळ-खुरकुताची लस आणि 4 ते 8 महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना ब्रुसेलाची लस एकदा द्यायची असते. ही कामं सगळीकडेच होतात. जंगलाकडेच्या गावांत दोन गोष्टी वेगळ्या करा. एक, फेरीची सुरुवात रस्त्याकडच्या सोयीच्या गावापासून करू नका, जंगलाच्या आतल्या टोकापासून करा. लस संपली, कर्मचारी कमी पडले, तर राहून जातं ते शेवटचं गाव, आणि शेवटचं गाव जंगलाला चिकटलेलं असतं. दोन, घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्यापूर्वी, गुरं रानात मुक्कामाला जायच्या आधी पूर्ण करा. एकदा गुरं आत गेली की पोळ्यापर्यंत ती हाती लागत नाहीत.

भाकड आणि मोकाट जनावरं कानातल्या बिल्ल्याविना आणि लसीविना राहतात, कारण मालक त्यांना दावणीला आणत नाही. नेमकी तीच जंगलात सर्वांत खोल जातात. त्यांच्यासाठी गुराख्याला हाताशी धरून पहाटे, गुरं सुटण्याआधी, गायरानावर फेरी लावावी लागते. शेळ्या-मेंढ्यांना पीपीआरची (शेळ्यांच्या प्लेगची) लस चुकवू नका. मंगोलियात 2017 साली हाच रोग पाळीव कळपांतून सायगा हरणांत शिरला आणि हजारोंनी मेली.

काळपुळीचा (अँथ्रॅक्सचा) संशय असलेलं मढं कधीही उघडू नका. नाका-गुदातून न गोठणारं काळपट रक्त, पोट झपाट्याने फुगलेलं, आदल्या दिवशी ठणठणीत असलेलं जनावर एकाएकी मेलेलं: अशा वेळी कानाच्या शिरेतून रक्ताची काचपट्टी घ्या आणि मढं चुना टाकून खोल पुरून घ्या. सुरी लावली की जंतूचे बीजाणू मातीत उतरतात आणि तिथे वर्षानुवर्षं टिकतात. त्या जागेवर उद्या कोणाची गाय चरेल, कोणता गवा चरेल, सांगता येत नाही.

दोडामार्गात किंवा पलीकडे गोव्यात सत्तरीला असाल तर माकडतापाचं भान ठेवा. सत्तरीत 2015 च्या सुमारास आणि सिंधुदुर्गात 2016 पासून हा रोग माणसांत दिसू लागला. माकडं मरू लागणं ही त्याची पहिली खूण असते. मेलेल्या माकडाला हात लावायचा नाही, लावू द्यायचा नाही. आरोग्य विभाग आणि वनविभाग या दोघांना त्याच दिवशी कळवायचं. रोग पसरवणारा गोचीड गुरांच्या अंगावरही वाढतो, त्यामुळे काजूबागांत माणसं कामाला जाण्याच्या हंगामाआधी गुरांवरचे गोचीड कमी करणं हे तुमचं काम.

३. औषधाचं कपाट उघडा

हा भाग दोनदा वाचावा अशी विनंती आहे.

1990 च्या दशकात भारतातली गिधाडं एकाएकी नाहीशी होऊ लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या पंधरा वर्षांत 99 टक्क्यांहून जास्त घसरली. कारण सापडलं 2004 साली: डायक्लोफिनॅक. लंगडणाऱ्या, ताप आलेल्या गुरांना आपण हे इंजेक्शन सर्रास देत होतो. जनावर त्यानंतर दोन-तीन दिवसांत मेलं, मढं गावाबाहेर टाकलं, की औषध अजून मांसात असे. ते खाल्लेल्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होत आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाची पांढरी पूड साचे. सगळ्यात धक्कादायक हिशेब असा की गिधाडं संपायला फार विषारी मढी लागत नव्हती. दर 760 मढ्यांमागे 1 ते दर 130 मढ्यांमागे 1, एवढ्या प्रमाणात औषध असलं तरी तो विनाश घडायला पुरेसं होतं. तालुक्यात एक-दोन जण जरी चुकीचं औषध वापरत राहिले, तरी बाकीच्यांचं शहाणपण पाण्यात जातं.

गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर 2006 साली बंदी आली. मग माणसांची मोठी बाटली गुरांना टोचली जाऊ लागली, म्हणून 2015 साली माणसांची कुपी 3 मिलिलीटरवर आणली. ॲसिक्लोफिनॅक गुरांच्या शरीरात गेल्यावर त्याचं डायक्लोफिनॅकच होतं, आणि किटोप्रोफेनही गिधाडांना मारक ठरलं. या दोन्हींवर 2023 साली बंदी आली, पुढे निमेसुलाइडवरही आली.

तुम्ही काय करायचं? दुखण्यावर आणि तापावर मेलोक्झिकॅम किंवा टोल्फेनॅमिक ॲसिड वापरा. ही दोन्ही गिधाडांना निर्धोक असल्याचं तपासून झालेलं आहे. फ्लुनिक्झिनपासून दूर राहा. मग गावातल्या औषध दुकानात आणि खासगी सेवा देणाऱ्यांकडे जा, त्यांच्या पिशवीत काय आहे ते बघा आणि धाक न दाखवता पर्याय सांगा. ‘मेलोक्झिकॅम हळू चढतं’ ही तक्रार तुम्ही ऐकाल. त्यावर भांडू नका. एखाद्या लंगड्या बैलावर त्यांच्या समोर वापरून दाखवा.

रायगडात फणसाड-म्हसळ्याच्या परिसरात, नाशिकजवळ आणि गडचिरोलीत गिधाडांसाठी मढी ठेवण्याच्या जागा केल्या गेल्या आहेत. तुमच्या भागात अशी जागा असेल तर तिथे जाणाऱ्या प्रत्येक मढ्याला शेवटच्या आठवड्यात काय टोचलं गेलं, याची खात्री मालकाकडून करून घेणं हे तुमच्याशिवाय कोणी करू शकत नाही. दयामरणाचं औषध दिलेलं जनावर मात्र कधीच उघड्यावर जाऊ देऊ नका, ते पुरायचंच.

४. गावची कुत्री

2018 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरच्या दलखानिया भागात 23 सिंह मेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने त्यांच्या नमुन्यांत कुत्र्यांचा डिस्टेंपर ओळखला. त्याआधी 1994 मध्ये सेरेंगेटीतले सुमारे एक तृतीयांश सिंह याच विषाणूने गेले होते. आपल्याकडे ताडोबाभोवतीच्या गावांत कुत्री रात्री बफरमध्ये (संरक्षित जंगलाभोवतीच्या पट्ट्यात) फिरतात, वाघाने टाकलेल्या शिकारीवर जातात. पुणे जिल्ह्यातल्या माळरानावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचंही समोर आलं आहे.

रेबीजची लस देताना डिस्टेंपरचीही देता आली तर द्या. निर्बीजीकरण 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसारच, मान्यताप्राप्त यंत्रणेमार्फत करा. मेंढपाळ धनगरांची कुत्री विसरू नका. ती शेकडो किलोमीटर चालतात आणि कोणत्याच गावच्या यादीत नसतात. त्यांचा वाडा (मेंढरांसह मुक्काम) तुमच्या हद्दीत उतरला की त्याच दिवशी गाठा.

५. वाघ-बिबट्याने जनावर मारलं तेव्हा

पहाटे फोन येतो. मालकाला पहिलं वाक्य सांगायचं: ‘दादा, मढं हलवू नका, आम्ही येतोय.’ हलवलं की पंचनामा बिघडतो, भरपाई अडते, आणि वाघ पुन्हा त्याच रात्री दुसरी शिकार करतो.

तिथे गेल्यावर मढ्याची कातडी सोलून मानेखालचं बघा. जिवंतपणी चावा बसला असेल तर सुळ्यांच्या भोकांभोवती कातडीखाली रक्त साकळलेलं दिसतं. आधीच मेलेलं जनावर नंतर कोणी खाल्लं असेल तर तिथे साकळलेलं रक्त नसतं. गळ्यावर खोल, मोजकी भोकं म्हणजे मार्जारकुळातलं जनावर. मागच्या मांड्या, शेपटी, पोट यांवर फाटलेले असंख्य चावे म्हणजे बहुधा कुत्री. वाघ खायला सहसा मागच्या पुठ्ठ्यापासून सुरुवात करतो, बिबट्या पोट-छातीकडून. पण एकाच खुणेवर निर्णय देऊ नका, पाऊलखुणा आणि ओढल्याचा माग वनरक्षकाबरोबर बघा.

दाखला त्याच दिवशी द्या. हे मी आग्रहाने सांगतो. शेतकऱ्याचं दुभतं जनावर गेलेलं असतं. दाखल्यासाठी त्याला चार हेलपाटे पडले, तर पाचव्या वेळी तो दवाखान्यात येत नाही, उरलेल्या मढ्यावर कीटकनाशक टाकतो. त्यात वाघ मरतो, बछडे मरतात, कोल्हे, तरस आणि गिधाडंही मरतात. भरपाईचा कागद वेळेत मिळणं हा वाघ वाचवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

६. विहीर, ऊस आणि गर्दी

बिबट्या उघड्या विहिरीत पडल्याची बातमी आली की गावातून एकच मागणी येते: ‘डॉक्टर, इंजेक्शन मारा.’ पाण्यात असलेल्या जनावराला डार्ट मारायचा नाही. औषध चढायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात ते बुडतं. आधी त्याला टेकायला खाट किंवा फळी दोरांनी खाली सोडा. थकवा गेला की पिंजरा उतरवा आणि काठ मोकळा करा. बहुतेक वेळा ते स्वतःहून पिंजऱ्यात येतं. तुमचं काम औषधापेक्षा धीर धरायला लावण्याचं जास्त असतं.

डार्ट खरोखर लागतोच तेव्हा काही गोष्टी पाठ हव्यात. अंधार पडत असेल, गर्दी हटत नसेल, जवळ पाणी किंवा कडा असेल, तर थांबा. डार्ट लागलेलं घाबरलेलं जनावर शांत बसत नाही, पळतं. केटामाइन-झायलाझीन या बेशुद्धीच्या औषधांच्या जोडीत झायलाझीनवर योहिंबीनचा उतारा आहे, केटामाइनवर नाही. म्हणून उतारा घाईने दिला तर झटके येऊ शकतात. बेशुद्ध जनावराचे डोळे उघडेच राहतात, त्यांत मलम घालून ते झाका. श्वास आणि तापमान दर पाच मिनिटांनी लिहून घ्या. उन्हात हरणं आणि बिबटे अंगाच्या उष्णतेनेच दगावतात. आणि हे काम अनुभवी माणसाच्या हाताखाली पाहिल्याशिवाय एकट्याने करू नका.

पकडलेला बिबट्या दूर नेऊन सोडा, असा दबाव येईल. जुन्नर भागात दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला तसं मोठ्या प्रमाणावर झालं, आणि सोडलेल्या जागांच्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी 2011 साली हे अभ्यासातून मांडलं. 2009 मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीतून काढलेल्या ‘आजोबा’ नावाच्या बिबट्याला कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं, तर तो 120 किलोमीटरहून जास्त चालत मुंबईच्या संजय गांधी उद्यानाकडे गेला, वाटेत कोणालाही इजा न करता. निर्णय वनविभागाचा असतो, पण बैठकीत हे सांगण्याची जबाबदारी तुमची आहे.

ऊसतोडीत पिल्लं सापडली तर त्यांना दवाखान्यात आणू नका. वजन, पाणी कमी झालंय का, जखमा, गोचीड एवढं हातमोजे घालून तपासा, आणि त्याच शेतात, सापडल्या जागेजवळ, संध्याकाळी खोक्यात ठेवा. कॅमेरा लावा आणि माणसं हटवा. आई बहुतेकदा त्याच रात्री येते. नाही आली तर दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवा. जुन्नर आणि नाशिक भागात अशी कितीतरी पिल्लं आईकडे परत गेली आहेत. पिल्लं गमावलेली मादी त्याच परिसरात बिथरून फिरते, म्हणून ही भेट गावाच्याही भल्याची.

७. शवविच्छेदन

वाघ किंवा बिबट्या मेला तर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची ठरवून दिलेली कार्यपद्धती आहे. ती छापून गाडीत ठेवा. आधी जागेचे आणि शवाचे फोटो, मग सुरी. सुळे, नखं, मिशा, कातडी सगळं जागेवर आहे का, हे पंचांसमक्ष लिहा. पायांवर किंवा तोंडाशी जळाल्याची खूण म्हणजे रानडुकरांसाठी सोडलेल्या वीजतारेचा संशय. मानेभोवती किंवा कमरेला खोल वळ म्हणजे फास.

विषासाठीचे नमुने (जठर आतल्या अन्नासह, यकृत, मूत्रपिंड) मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवा, फॉर्मालिनमध्ये कधीच नको. ऊतींच्या तपासणीचे नमुने मात्र 10 टक्के फॉर्मालिनमध्ये. प्रत्येक नमुन्याचे दोन संच, मोहोर आणि सही. न्यायालयात वकील पहिला प्रश्न मोहोरेबद्दलच विचारतो. पक्षी एकदम मरू लागले किंवा मार्जारकुळातली जनावरं एकापाठोपाठ गेली तर बर्ड फ्लूचा विचार करा. नागपूरच्या गोरेवाडा इथे 2024 च्या अखेरीस तीन वाघ आणि एक बिबट्या त्याने गेले. अशा वेळी अंगभर संरक्षक पोशाखाशिवाय हात लावायचा नाही.

८. चारा आणि चराई

जंगल टिकवायचं तर गावाच्या गोठ्याचं गणित बदलावं लागतं. दहा भाकड गाई रानात सोडण्यापेक्षा दोन चांगल्या दुभत्या गोठ्यात बांधून जास्त पैसे मिळाले, तरच माणूस रानावरचा भार कमी करतो. नुसत्या चराईबंदीने तो रात्री गुरं सोडतो. म्हणून कृत्रिम रेतन, नको असलेल्या वळूंचं खच्चीकरण, वांझपणाची शिबिरं, कुट्टी यंत्र, बांधावर हत्तीघास, पावसाळ्यात मूरघास, ही सगळी तुमची रोजचीच कामं इथे वनसंवर्धनाची ठरतात. बफरमधल्या गावांना श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून निधी मिळतो. तो ग्राम परिस्थितिकीय विकास समितीमार्फत खर्च होतो. समितीच्या बैठकीला जाऊन बसा. कुट्टी यंत्राला पैसे मागायला तिथे दुसरं कोणी नसतं. शेळ्यांसाठी वरून जाळी असलेला बंदिस्त गोठाही त्यातून सुचवा.

गाय वाढवायची की भार कमी करायचा, यात तुमचा आणि वनविभागाचा मतभेद होईल. होऊ द्या. गुराख्याला बैठकीत बसवून बोला.

९. पुढे शिकायचं असेल तर

नागपूरला माफसूचं (महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं) वन्यजीव संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र गोरेवाड्याला आहे, इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत वन्यजीवांसाठी स्वतंत्र केंद्र आहे, आणि केरळात वायनाडच्या पुकोडेला पशुवैद्यकीय विद्यापीठाचं वन्यजीव अभ्यास केंद्र. तिथे जाण्याआधी दोन-तीन वर्षं जंगलाकडेच्या दवाखान्यात काढा, असा माझा सल्ला. आणि पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा: कोणत्या गावात, कोणत्या महिन्यात, गुरांत काय आलं आणि त्याच सुमारास जंगलात काय मेलेलं सापडलं, हे समोरासमोरच्या दोन पानांवर लिहा. बदली झाली की तिची एक प्रत तुमच्या जागी येणाऱ्याला आणि एक वनपरिक्षेत्र कार्यालयात द्या.